बिनशत्रूचे किल्ले

ऐन माघात लाल मिरचीची आवक सुरू झाली की आमच्या धर्माबादेची हवा ही श्वासोच्छ्वासाची वस्तू न राहता तोंडी लावण्याचा पदार्थ होते. सिकंदराबादेहून मनमाडकडे निघालेल्या गाडीतला झोपलेला उतारू बासरजवळचा गोदावरीचा पूल मागे पडल्यावर झोपेतच नाक चोळू लागला, तर शेजारचा जाणता माणूस खिडकीबाहेर न पाहता त्याला सांगतो, "उठा, धर्माबाद आलं." अशा या गावात परक्याचा ठसका आणि गावकऱ्याचा ठसका यांत भेद आहे. परका सारखा आणि दीनवाणा ठसकतो. गावकरी क्वचित आणि अधिकाराने. आडतबाजारातल्या जुन्या माणसांचे ठसके तर त्यांच्या मोडी सह्यांप्रमाणे ओळखू येतात, आणि आमच्या सावकारांचा ठसका त्या सर्वांत प्रख्यात: आधी दोन हलके, मग क्षणभर विराम, आणि त्यानंतर सलामीची तोफ डागावी तसा तिसरा.

गेल्या वर्षीच्या माघात एका सकाळी माझ्या ओसरीसमोर हे तिन्ही बार क्रमाने उडाले, तेव्हा सावकार आल्याची वर्दी मला मिळालीच होती. धोतरावरची मिरचीची पूड झटकत ते बाजेवर टेकले आणि चहा येण्याआधीच मुद्द्यावर आले.

"सायब, तुम्ही म्हणं अमेरिकेतले किल्ले बघून आलाव."

"एकच पाहिला, सावकार. बाकीचे पुस्तकात."

"एक तर एक. मला एक बांधायचाय."

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी हयात काढली. त्या काळात विहिरीसाठी, पाणंदीसाठी, गायरानातल्या टीचभर जागेसाठी, इतकेच काय पण शेजाऱ्याची बाभूळ तोडून मिळावी म्हणून आलेले अर्ज मी वाचले आहेत. परंतु किल्ला पाहिजे म्हणणारा इसम मला सेवानिवृत्तीनंतरच भेटावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. मी काही विचारण्याच्या आत त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर हिरव्या डोंगराच्या टोकाला उभा असलेला, सुईसारख्या निमुळत्या मनोऱ्यांचा एक पांढराशुभ्र किल्ला होता. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात, सीमेपलीकडच्या फंक्शन हॉलच्या दर्शनी कमानीवर हाच किल्ला प्लास्टरात उभा केलेला त्यांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

त्या चित्राची वंशावळ मला ठाऊक होती, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवले नाही. मूळ किल्ला जर्मनीतल्या बव्हेरियाचा, नाव नॉयश्वानस्टाइन. दुसरा लुडविग नामक राजाने १८६९ साली तो बांधावयास घेतला, म्हणजे आगगाड्या धावत होत्या, तोफा मैल मैल मारा करीत होत्या आणि अशा मनोऱ्यांचा लढाईशी असलेला संबंध केव्हाच संपुष्टात आला होता. त्याची चित्रे नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या एका कलावंताने काढली. राजा १८८६ साली वारला तेव्हा बांधकाम अपुरेच होते, आणि त्याला जाऊन दोन महिने होण्यापूर्वीच किल्ला तिकीट लावून लोकांस दाखविण्यास प्रारंभ झाला. पुढे १९५५ साली अमेरिकेत डिस्नेने त्यावर नजर ठेवून मुलांच्या उद्यानात एक किल्ला उभारला. डिस्नेवरून फंक्शन हॉलवाल्याने, आणि फंक्शन हॉलवरून आता आमचे सावकार. मध्ययुगाची नक्कल राजाने केली, राजाची नक्कल करमणूकवाल्याने, त्याची मंडपवाल्याने. फेरफाराच्या नोंदीत इतके हस्तांतर झालेले असते तर मूळ मालकाचा शोध घेण्याचे आम्ही सोडून दिले असते.

"म्हणजे मूळचा बी डुप्लिकेटच," सावकार प्रसन्न होऊन म्हणाले. व्यापाऱ्याला बाजारात सर्वत्र तोच माल आहे हे कळल्यावर होतो तसा आनंद त्यांना झालेला दिसला.

आता मी प्रत्यक्ष पाहिलेल्या त्या एका किल्ल्याविषयी. मुलीकडे तीन महिने राहावयास गेलो असता जावयाने एका रविवारी कनेक्टिकट नदीच्या काठी, ईस्ट हॅडम गावी, टेकडीवर असलेला जिलेट किल्ला दाखविला. विल्यम जिलेट हा नट. शेरलॉक होम्सची भूमिका त्याने रंगभूमीवर इतकी वर्षे केली की होम्सच्या तोंडी आज आपण जी वाकडी चुंगी पाहतो ती रूढ होण्यास हा गृहस्थ पुष्कळसा कारणीभूत आहे. नाटकाच्या उत्पन्नातून त्याने १९१४ ते १९१९ या काळात, म्हणजे युरोपात खऱ्या तटबंद्यांवर खरे गोळे पडत असताना, स्वतःच नकाशे काढून हा चोवीस खोल्यांचा दगडी किल्ला बांधला. बाहेरून तो कोणी घाईघाईने दगड उपडून ठेवले असावेत असा ओबडधोबड; आत मात्र सत्तेचाळीस लाकडी दरवाजे, एकाचा दुसऱ्यास मेळ नाही, आणि प्रत्येकाला कोड्यासारखी लाकडी कडी. आवारात त्याने तीन मैलांची छोटी आगगाडी घातली होती आणि पाहुण्यांना डब्यात बसवून तो स्वतः इंजिन हाकीत असे. मांजरे पुष्कळ पाळली होती. लग्न करून विधुर झालेला, पुन्हा लग्न न केलेला हा मनुष्य एकटा राही.

तथापि माझे लक्ष वेधून घेतले ते आरशांनी. आपल्या शयनगृहाच्या दारातून खालचा दिवाणखाना दिसावा अशा कोनात त्याने आरसे बसविले होते. खाली कोण आले, कोण कंटाळले, मद्याच्या कपाटाची गुप्त कडी उघडता न आल्यामुळे कोणता पाहुणा घामाघूम झाला, हे तो वरून मजेत पाही. आणि आलेली व्यक्ती भेटण्याजोगी वाटली तरच जिना उतरून प्रवेश करी. मार्गदर्शक बाईने हे सांगताच मंडळी हसली. मी मात्र त्या आरशासमोर उगाच उभा राहिलो. किल्ला म्हटला म्हणजे त्याला शत्रू पाहिजे. या माणसाला शत्रू नव्हता, म्हणून त्याने पाहुण्यांवर भागविले होते.

ही आरशांची हकीकत सावकारांना सर्वांत अधिक आवडली. ती त्यांनी मला दोनदा सांगावयास लावली.

अमेरिकेच्या राज्यघटनेने, ती १७८७ साली लिहिली गेली तेव्हाच, सरकारने कोणास सरदारकीची पदवी देऊ नये असा निर्बंध घातलेला आहे. घटनाकारांनी पदवीचा बंदोबस्त केला, बुरुजाचा केला नाही. परिणामी शंभर वर्षांच्या आत त्या देशातील धनिकांनी पदवीवाचून गढ्या बांधावयास घेतल्या. व्हँडरबिल्ट घराण्यातील एका वंशजाने नॉर्थ कॅरोलिनात १८९५ साली अडीचशे खोल्यांचे बिल्टमोर पुरे केले. त्यात राहावयास माणसे किती, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरेल. वर्तमानपत्रांचा मालक हर्स्ट याने ज्यूलिया मॉर्गन या वास्तुविशारद बाईंकडून कॅलिफोर्नियातल्या टेकडीवर १९१९ पासून जे बांधकाम आरंभिले ते १९४७ साली थांबले, संपले असे मात्र कोणी म्हणत नाही. अठ्ठावीस वर्षे घरात गवंडी ठेवून राहिलेल्या माणसाविषयी मला, दोन खोल्यांच्या डागडुजीत जेरीस आलेला मनुष्य म्हणून, आदरच वाटतो.

परंतु सावकारांना या बड्या धेंडांत रस नव्हता. त्यांना बॅनरमन रुचला. हा फ्रान्सिस बॅनरमन न्यूयॉर्कचा व्यापारी. युद्ध आटोपल्यावर सरकार जी शस्त्रे, गणवेष आणि दारूगोळा लिलावात काढते, तो माल घाऊक घेऊन किरकोळ विकण्याचा त्याचा धंदा. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर त्याने इतका माल उचलला की एवढी दारू भर शहरात ठेवणे शक्य होईना. तेव्हा त्याने १९०० साली हडसन नदीतले एक बेट खरेदी केले आणि तेथे कोठार बांधले. पण कोठार म्हणून न बांधता बुरूज, चर्या, कमानी यांसह स्कॉटलंडच्या किल्ल्याप्रमाणे बांधले, आणि तटावर आपल्या पेढीचे नाव अशा अगडबंब अक्षरांत घातले की नावेतल्या आणि आगगाडीतल्या उतारूस ते वाचल्यावाचून गत्यंतर नसावे. १९२० साली आतल्या दारूचा भडका होऊन किल्ल्याचा एक भाग उडाला. शत्रूची वाट पाहून पाहून किल्ल्याने शेवटी स्वतःवरच हल्ला केला, असे म्हणावयास हरकत नाही.

"नाव लिहिलं ते बेस केलं," सावकार म्हणाले. भडक्याचा भाग त्यांनी ऐकलाच नाही.

मग मी त्यांना बोल्टची कथा सांगितली. जॉर्ज बोल्ट हा न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलचा व्यवस्थापक. सेंट लॉरेन्स नदीतील एका बेटावर आपल्या पत्नीकरिता एकशेवीस खोल्यांचा किल्ला उठवीत होता. १९०४ च्या जानेवारीत पत्नी निवर्तली. बोल्टने तार करून काम बंद केले, तीनशे कारागीर हत्यारे टाकून बेटावरून उतरले, आणि त्याने पुन्हा त्या बेटावर पाऊल ठेवले नाही. १९७७ साली एका सार्वजनिक मंडळाने ताबा घेईपर्यंत त्र्याहत्तर वर्षे ते अर्धे घर पाऊस आणि बर्फ अंगावर घेत उभे होते. हे सांगताना माझा स्वर किंचित जड झाला. सावकारही काही वेळ खाली पाहत राहिले.

"बरं सायब," ते हळूच म्हणाले, "त्या तीनशे जणांची हजेरी चुकती केली का त्यानं?"

त्या कथेने व्याकूळ होणारे पुष्कळ पाहिले होते. हा प्रश्न मात्र त्यांपैकी कोणासही पडला नव्हता.

किल्ला ही चीज काही आम्हाला नवी नाही. माझे आजोळ बिलोलीकडचे, आणि गावाच्या मधोमध देशमुखांची गढी. पांढऱ्या मातीच्या भिंती खाली इतक्या रुंद की वरून बैलगाडी जावी, कोपऱ्यांना बुरूज, बुरुजांना जंग्या, दरवाजाला हत्तीची टक्कर परतविण्यासाठी बोटभर लांब लोखंडी खिळे. हत्ती त्या गावात कधी आला असेल तर तो भिक्षा मागत आला असेल. दरवाजाच्या पोटात दिंडी, मुद्दाम बुटकी, हेतू असा की आत शिरणाऱ्या शत्रूची मान आपसूक तलवारीच्या सोयीने खाली यावी. माझ्या आठवणीत त्या दिंडीने फक्त जावयांची टाळकी फोडली. आत धान्याची पेवे, भिंतीत बळदे, आणि एक आड, ज्यात डोकावू नये म्हणून आम्हा पोरांना सांगितलेले असे आणि ज्यात आम्ही रोज डोकावत असू.

परंतु ही गढी हौसेने बांधलेली नव्हती, भीतीने बांधलेली होती, आणि भीती खरी होती. पेंढारी खरे होते, रोहिले खरे होते, आणि वसुलीचा मक्ता घेऊन घोडेस्वारांनिशी येणारा मनुष्य या दोहोंपेक्षा कोणत्या बाबतीत निराळा, हे रयतेला निश्चित सांगता आले नसते. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी १८६५ साली जिल्हाबंदी करून वसुली पगारी अंमलदारांकडे दिली, देशमुखांच्या हाती रुसूम तेवढा ठेवला, आणि गढीचे निम्मे प्रयोजन एका फर्मानासरशी गेले. उरलेले निम्मे १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईने आणि पुढल्या वर्षी जहागिरी खालसा झाल्याने संपले. मग पावसाने बुरूज खचू लागले. गावाची पांढरी माती काळ्या रानात टाकली तर पीक जोमाने येते हे प्रत्येक कुणब्यास ठाऊक असल्याने गाड्या लागल्या. माझ्या मामांच्या शेतात ईशान्येकडचा बुरूज गेला. म्हणजे तो बुरूज मी ज्वारीच्या भाकरीच्या रूपाने खाल्ला आहे, आणि तो रुचकर होता. कोणा अमेरिकन धनिकाचा किल्ला असा कामी आल्याचे मी ऐकलेले नाही.

जाड भिंतीची दुसरी बाजूही याच भूमीने पाहिली. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीची जमीन हादरली तेव्हा चोरापासून राखणाऱ्या त्याच दगडमातीच्या भिंती आणि तीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर बसली. त्यानंतर लातूरकडची मंडळी कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये निजत, आणि पक्के घर उभे असले तरी आत जात नसत. आमच्या सर्व मुलखात सिमेंटच्या खांबाविषयी जी जवळजवळ धार्मिक श्रद्धा आढळते तिचे मूळ तेथे आहे, आणि तिला मी हसत नाही.

सावकारांचा किल्लाही सिमेंटच्या खांबांवरच उठला. गवंडी गावचे, नक्षीकाम करणारे निजामाबादेकडचे, आणि वास्तुशास्त्रज्ञ कोठला ते कळले नाही, पण मोटारीतून येई. प्रथम चारही कोपऱ्यांस सारखे बुरूज योजिले होते. वास्तुशास्त्रज्ञाने ईशान्येला उंची निषिद्ध ठरविली. जड आणि उंच ते नैर्ऋत्येला पाहिजे. अशा प्रकारे ईशान्येचा बुरूज कंबरेइतका, आग्नेय आणि वायव्य मध्यम, आणि नैर्ऋत्येचा गगनचुंबी होऊन, कोणी तरी किल्ला उचलून एका बाजूने पायरीवर ठेवला आहे असा त्याचा डौल झाला. नैर्ऋत्येस मिरचीचा बाजार आहे, ही गोष्ट त्या शास्त्रात बसत नसल्याने तिचा विचार झाला नाही.

परवान्याच्या कागदांत माझा उपयोग झाला. अर्जात बुरूज असा रकाना नसल्याकारणाने मी पहिल्या बुरुजास देवघर, दुसऱ्यास भांडारगृह, तिसऱ्यास जिन्याची खोली आणि नैर्ऋत्येच्या महाबुरुजास पाण्याची टाकी असे लिहिले, आणि टाकी खरोखरच वर बसल्याने माझ्या लेखणीवर असत्याचा डाग लागला नाही. खंदकाची हौस घरासमोरच्या उघड्या नालीवरच भागवावी, असा सल्लाही मी दिला. विटांच्या भिंतीला गिलावा करून त्यावर काळ्या रंगाने दगडांच्या रेघा ओढल्या. जंग्या ठेवल्या होत्या. त्यांतून वातानुकूलन यंत्राच्या नळ्या बाहेर आल्या. दिंडी सोफ्यामुळे तोडून मोठी करावी लागली. बॅनरमनचा आदर्श पुढे ठेवून तटावर पेढीचे नाव लाल अक्षरांत झळकले आणि खाली मिरचीचे दोन प्रकार, भावासह. भाव पंधरवड्याने बदलला, म्हणून तो पुसला.

एवढ्या खर्चात आपण एकटे नाही हा दिलासा त्यांना हवा होता, म्हणून मी हैदराबादच्या फलकनुमाची गोष्ट काढली. नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ पासून टेकडीवर जो इटालियन थाटाचा महाल उठविला तो शेवटी सहाव्या निजामांकडे गेला. आज तेथे हॉटेल आहे. "म्हणजे शेवटी फंक्शन हॉलच," सावकार म्हणाले, आणि मला उत्तर सुचले नाही.

वास्तुशांतीला सारा आडतबाजार लोटला. सावकारांच्या मातोश्री, वय नव्वदीच्या घरात, यांना खुर्चीत बसवून सर्व दालने दाखविण्यात आली. त्यांनी झुंबर पाहिले, कारंजे पाहिले, भिंतीवर लावलेल्या दोन आडव्या तलवारी, ज्या ऑनलाईन मागविल्या होत्या, त्याही पाहिल्या.

"समदं बेस हाय," माय म्हणाल्या. "पण ओसरी कुठं हाय रे? आलेला माणूस टेकंल कुठं?"

ओसरी नव्हती. माय दुसऱ्या दिवसापासून दरवाजाबाहेरच्या पायरीवर पोतं टाकून बसू लागल्या, आणि ज्यांना सावकारांना भेटावयाचे असते ते हमाल, शेतकरी, वर्गणीची पोरे, सर्व प्रथम त्यांच्याशी बोलून बहुधा तेथूनच परत जातात.

सावकार नैर्ऋत्येच्या बुरुजात बसू लागले होते. तेथे टाकीखाली त्यांनी एक खोली साधली होती. तिच्यात गादी, तक्क्या, आणि समोर एक भलामोठा पडदा, ज्यावर घराभोवतीच्या सोळा कॅमेऱ्यांची सोळा दृश्ये एकाच वेळी हलत. कोण फाटकाशी आले, कोण नुसतेच बोर्ड वाचत आहे, कोणाच्या हातात पावतीपुस्तक आहे, हे त्यांना वरून दिसे. जिलेटला त्यासाठी आरसे कोनात धरावे लागले होते.

परवा, म्हणजे पुन्हा माघातच, मी त्यांच्याकडे गेलो. काम क्षुल्लक होते. अमेरिकेहून आणलेले किल्ल्यांचे चित्रपुस्तक त्यांनी वर्षापूर्वी नेले होते, ते परत पाहिजे होते. शिवाय त्यांच्या हाती पूर्वी दिलेल्या काही रकमेची आठवण बोलता बोलता करून द्यावी असाही विचार मनात होता, आणि तो चेहऱ्यावर दिसत असावा. फाटकावरच्या कॅमेऱ्याने मान वळवून मला नखशिखान्त पाहिले. पहारेकरी पोराच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, दोनदा "हौ" म्हटले, आणि माझ्याकडे न पाहता सांगितले,

"सावकार नांदेडला गेलेत जी. रात्च्यालाच येतेत."

मी बरे म्हणालो. माय पायरीवर होत्या. त्यांनी पोत्याचा कोपरा सरकवून मला जागा करून दिली, म्हणून टेकलो. एवढ्यात वारा फिरला. बाजारात कोठे तरी पोती उपडी होत असावीत, कारण पहारेकऱ्याने रुमाल तोंडाशी धरला आणि माझेही डोळे चुरचुरले. आणि मग वरून, टाकीच्या खालच्या जंगीतून, आधी दोन हलके आले. क्षणभर विराम. नंतर तिसरा, त्यासरशी बुरुजावरची कबुतरे उडाली.

पहारेकरी रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाकडे एकाग्र चित्ताने पाहू लागला. मायनी वर पाहिले, मग माझ्याकडे, आणि पदराने नाक पुसत म्हणाल्या,

"नांदेडात बी औंदा मिरची लई आली वाटतं."